रंग मारायच्या आधी : कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटची तपासणी

कोथरूडमधली १९९३ सालची सोसायटी. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचाय. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, आपण त्यांना काकू म्हणू, गुडघे आता जिन्याला नाही म्हणतात, मुलगा बेंगळुरूला आणि तिकडेच जायचं पक्कं झालंय. एजंट येऊन घर बघून गेला आणि जाताना नेहमीचाच सल्ला देऊन गेला, "काकू, नुसता रंग मारून द्या, बाकी घेणारा बघून घेईल."

मुलाला ते पटेना, कारण मागच्या बेडरूमची एक भिंत आधी दोनदा रंगवून झालेली आणि दोन्ही वेळा पावसाळा संपायच्या आत पोपडे परत आलेले. म्हणून त्याने मला बोलावलं. जुन्या बिल्डिंगांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम. विकणाऱ्याने स्वतःच आधी घर तपासून घ्यायचं अशी पद्धत आपल्याकडे फारशी नाही, घेणारेसुद्धा बरेचदा नळ सोडून बघतात, पार्किंग कुठलं विचारतात, मोबाईलला रेंज येते का बघतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. मग बँकेचा व्हॅल्युअर येतो किंवा घेणाऱ्याचा कोणीतरी इंजिनिअर मेहुणा येतो आणि तिथे भाव घसरायला लागतो, तेही विकणाऱ्याने पुढच्या घराचे पैसे भरून ठेवलेले असताना.

तर सुरुवात त्या भिंतीपासून.

काकूंचं ठाम मत होतं की ओल वरच्यांच्या बाथरूममधून येते. बेडरूमची ती भिंत कॉमन बाथरूमला लागून आहे, वरच्या मजल्यावर त्याच जागी वरच्यांचं बाथरूम, त्यामुळे संशय येणं साहजिक होतं. दोन वर्षं यावरून बोलाचाली बंद. सोसायटीकडे तक्रारअर्ज, वरच्या काकांचं लेखी उत्तर, मग परत अर्ज, अशी एक फाइलच तयार झालेली.

कपाट पुढे ओढलं आणि मागची भिंत बघितली तर मला पहिल्या पाच मिनिटांतच शंका आली. ओल खाली होती. स्कर्टिंगपासून साधारण कमरेपर्यंत लोणा फुटलेला, पांढरा भुसभुशीत थर हाताला लागत होता, गिलावा टिचकी मारली की पोकळ वाजत होता, आणि वर छताकडे जावं तसतशी भिंत कोरडी. आता वरच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर ते आधी स्लॅबच्या सांध्यात दिसेल, छताच्या कोपऱ्यात पिवळे डाग पडतील, तिथून ओघळ खाली येतील. इथे उलटं चाललेलं, ओल जमिनीकडून वर चढत होती. मॉइश्चर मीटरनेही तेच दाखवलं (हे मीटर गिलाव्यावर नेमके टक्के सांगतं असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, एकाच भिंतीवर इथे जास्त तिथे कमी एवढं कळण्यासाठीच ते चांगलं).

पण नुसतं माझं मत देऊन उपयोग नव्हता, काकू ऐकणार नव्हत्या आणि वरचे काका तर त्याहून नाहीत. म्हणून चाचणी. आधी वरच्यांच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप (जाळीखालचं सांडपाणी जायचं तोंड) बुजवून दोन इंच पाणी साठवलं, त्यात रंग टाकला आणि दोन दिवस तसंच ठेवलं. वरच्या काकांनी परवानगी दिली हे विशेष, एका अटीवर की निकाल सेक्रेटरींच्या समोर लागेल. काकूंच्या छताला थेंब नाही. मग ट्रॅप उघडून तेच पाणी सोडून दिलं, तरी काही नाही. त्यानंतर काकूंच्याच बाथरूममध्ये हाच प्रकार. पाणी साठलेलं असताना पातळी जवळपास तशीच राहिली, म्हणजे लादीखालचं वॉटरप्रूफिंग त्या मानाने बरं होतं. बुच काढलं, पाणी ड्रेनेजला लागलं आणि थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या बाथरूमच्या छताला रंगीत थेंब दिसायला लागले. त्या मुलांनी कधी तक्रारच केली नव्हती, कारण भाड्याचं घर, मालक परदेशात, बादली ठेवली की काम भागतं.

दोष होता ट्रॅप आणि पाइप यांच्या सांध्यात. त्या काळच्या बाथरूमचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, फूट-दीड फूट, त्या खड्ड्यातून पाइप फिरवतात, वर विटांचे तुकडे आणि चुना किंवा सिमेंट भरून लादी बसवतात. सांधा सुटला की रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी त्या भरावात मुरत राहतं, भराव वर्षानुवर्षं ओला, आणि त्याला चिकटलेली विटेची भिंत ते पाणी वर ओढून घेते. त्यात दोन वेळा भिंतीवर ओल-रोधक पुट्टी आणि महागडा रंग चढवलेला. भिंतीला बाहेर सुकायची वाट बंद झाली की ओल वरच्या बाजूने वाट काढते. पहिल्या रंगाआधी ओल गुडघ्यापर्यंत होती असं काकूच म्हणाल्या, दुसऱ्या रंगानंतर कमरेला आली.

वरचे काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, मी दोन वर्षं हेच सांगतोय." काकू यावर काही बोलल्या नाहीत, चहा मात्र त्यांनाही दिला.

रस्त्यावर कोणी विचारलं की घराच्या तपासणीत सगळ्यात जास्त काय सापडतं तर मी ओल सांगेन. पण त्याहून जास्त सापडतं ते ओलीचं चुकीचं निदान, आणि त्या चुकीच्या निदानावर खर्च केलेला पैसा. साधे प्रश्न असतात. ओल मे महिन्यात पण असते का? असली तर पाइप किंवा बाथरूम. फक्त जुलै ते सप्टेंबर दिसते? मग पाऊस, आणि पुण्यात पाऊस वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येकडून येतो त्यामुळे आधी दक्षिण-पश्चिमेच्या भिंती बघा. भिंतीतून येते की हवेतली वाफ थंड भिंतीवर धरते अशी शंका असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवून एक-दोन दिवस ठेवा, आतल्या बाजूला पाणी धरलं तर भिंतीतली, बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतली. याला इंजिनिअर लागत नाही.

हॉलच्या खिडकीखालचा डाग असाच निघाला. सगळ्यांना वाटलं बाहेरच्या भिंतीला तडा. प्रत्यक्षात अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला जी बारीक भोकं असतात ती धुळीने आणि जुन्या रंगाने बुजलेली, पट्टी पावसात भरायची आणि पाणी आत सांडायचं. खिळ्याने भोकं मोकळी केली.

आता वायरिंग. ओल दिसते तरी, वायरिंगमधला दोष दिसतच नाही, आणि माझ्या मते जुन्या घरातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच. काकू सहज बोलता बोलता म्हणाल्या की वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, पण स्लीपर घातली की येत नाहीत. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! मेन बोर्डवर अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, त्यातल्या एकात फ्यूज वायरच्या जागी साधी तांब्याची जाड तार घातलेली, म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा. गळती झाल्यावर वीज तोडणारं आरसीसीबी नाही. आणि वॉशिंग मशीनच्या बोर्डाचं झाकण काढल्यावर कळलं की तिथे अर्थिंगची वायर आलेलीच नाही, कुठल्यातरी इलेक्ट्रिशियनने न्यूट्रलवरून छोटा तुकडा काढून अर्थच्या भोकाला जोडून दिलाय. टेस्टर लावला, दिवा लावून बघितला तर सगळं व्यवस्थित वाटतं, म्हणून तर असे जुगाड वर्षानुवर्षं खपतात. पण त्या बोर्डाकडे येणारा न्यूट्रल कधी मध्येच तुटला की मशीनच्या पत्र्यात सरळ करंट, आणि समोर माणूस ओल्या फरशीवर उभा.

मुलाने विचारलं, "दादा, हे पण घेणाऱ्यावर सोडता येईल ना? तो तसंही इंटिरिअर करणारच." मी म्हटलं सोडता येईल, पण विक्री व्हायला चार-सहा महिने लागतात आणि तोवर कपडे तुझी आईच धुणार आहे. लगेच झालं ते काम. मीटरपासून नवीन अर्थिंग, तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी, फ्यूजच्या जागी एमसीबीचा (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) बोर्ड, गीझर आणि एसीच्या पॉइंटला चार स्क्वेअर एमएमची वायर. आरसीसीबी बसल्यावर पहिल्याच दिवशी ते तीनदा पडलं, म्हणजे वीज तोडून बंद झालं. इलेक्ट्रिशियन म्हणाला खराब पीस आलाय. पीस बरोबर होता, स्वयंपाकघरातल्या एका पॉइंटची वायर ओल्या भिंतीतून गेलेली आणि तिचं वेष्टन गेलेलं.

गॅस गीझरचं थोडक्यात सांगतो. बाथरूममध्ये सिलिंडरवरचा गीझर, एकच छोटी झरोक्याची खिडकी, आणि तीही थंडीत पुठ्ठा लावून बंद करायची सवय. बंद जागेत असा गीझर जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस आत कधी बेशुद्ध पडला ते बाहेर कळत नाही. थंडीच्या दिवसांत पेपरात अशा बातम्या येतातच. तो त्याच दिवशी काढायला लावला, घर विकायचं असो नसो.

वाळवी फक्त बेडरूमच्या माळ्यावरच्या प्लायवूडला होती, मातीच्या नळ्या डक्टच्या बाजूने वर आलेल्या. बाथरूमच्या दाराची चौकट खालून कुजलेली, काकू त्यालाही वाळवी म्हणत होत्या, पण ते नुसतं पाणी होतं. मागच्या बाजूला बिडाच्या ड्रेनेज पाइपच्या सांध्यात चांगला हातभर पिंपळ उगवलेला. तो सोसायटीचा प्रश्न, फोटो काढून सेक्रेटरींना दिला.

आणि मग ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्याभांड्यांची मागची बाल्कनी, जिथे सगळ्यांचे चेहरे उतरले. तिचं छत म्हणजे वरच्या बाल्कनीचा स्लॅब. तिथे गिलावा फुगून काही ठिकाणी पडलेला, आत गंजलेल्या सळ्या उघड्या, गंजाचे तांबडे ओघळ. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, आतून दाब येतो आणि काँक्रीट फुटून पडतं, त्यामुळे नुसता गिलावा मारून काही होत नाही. तिथे खोलवर कोरून फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन मारलं, चांगलं काँक्रीट त्याने गुलाबी होतं, इथे सळीपर्यंत रंगच आला नाही, म्हणजे सळीला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण तिथे संपलाय.

इथे एक गोष्ट बहुतेक कंत्राटदारसुद्धा सांगत नाहीत. बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली असते, तिला पुढे आधार नाही, त्यामुळे तिची मुख्य सळी स्लॅबच्या वरच्या अंगाला असते. खालून ज्या गंजलेल्या सळ्या दिसतात त्या दुय्यम. म्हणजे खालून भीतिदायक दिसणारी बाल्कनी कदाचित ठीक असेल आणि खालून गुळगुळीत दिसणारी नसेल, खरी सळी वरच्या लादीखाली आहे आणि ती वरच्या मजल्यावरून उघडल्याशिवाय कळणार नाही. त्यात वरच्यांनी बाल्कनी ग्रिल लावून बंद केलेली, जुन्या लादीवर नवी लादी चढवलेली, आणि कठड्यालगत कुंड्यांची रांग. वरच्या काकांना सांगितल्यावर कुंड्या मात्र त्यांनी संध्याकाळपर्यंत गच्चीवर हलवल्या, भांडण मिटलेलं असल्याचा फायदा.

बाल्कनीच्या स्लॅबचं काम एकट्या काकूंनी करायचं नाही आणि करूही नये, इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती सोसायटीची असते. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून सांगाड्याची तपासणी, दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. या सोसायटीचं एकदाही झालेलं नव्हतं. सेक्रेटरींचं म्हणणं, "अहो, ऑडिट केलं की दुरुस्ती निघते, दुरुस्ती निघाली की पैसे निघत नाहीत." खरंय त्यांचं. आणि काकूंना वेगळीच भीती, की ऑडिटचा विषय निघाला तर फ्लॅटला गिऱ्हाईकच येणार नाही.

एजंटचं मत तर ठरलेलंच होतं, ते बाल्कनीचं कोणाला बोलू नका, दोन हजारात गिलावा होतो, वर पीओपी मारा, करारात "जसं आहे तसं" लिहू. यावर मी त्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ दाखवलं. त्यात विक्रेत्याचं पहिलंच कर्तव्य हे, की मालमत्तेतला जो मोठा दोष त्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही जो घेणाऱ्याच्या नजरेत येणार नाही, तो त्याला सांगायचा. न सांगणं ही फसवणूक, असं त्याच कलमाच्या शेवटी लिहिलंय. करारात वेगळं काही ठरवता येतं हे मान्य, पण पीओपीने झाकलेली गंजकी सळी "जसं आहे तसं"मध्ये बसते असं कुठल्या वकिलाने छातीठोकपणे सांगितलं तर मला भेटायला आवडेल. तपासणी करेपर्यंत काकूंना माहीत नव्हतं, आता माहीत झालंय, आणि विकणाऱ्यांना तपासणी नको असते त्याचं एक कारण हेही आहे.

मग घरात बसून यादीचे भाग पाडले. जीवाला धोका ते लगेच, म्हणजे वायरिंग आणि गीझर, ते झालेलंच. दुसऱ्याच्या घराचं नुकसान करतंय ते पण लगेच, म्हणजे बाथरूम. ते पूर्ण तोडलं, ओला भराव गाडीभर निघाला, नवीन पाइप, नवीन ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, परत पाणी साठवून चाचणी, आणि मगच लादी. लादी साधी पांढरी, काकूंना भारीतली आवडली होती पण विकायच्या घरात त्याचे पैसे परत येत नाहीत. हा खर्च दीड लाखाच्या आसपास गेला, वायरिंगचा त्याच्या एक चतुर्थांश. बेडरूमची भिंत लगेच प्लॅस्टर करायची नाही असं मी बजावलं, जुना गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवल्या आणि सुकू दिल्या. मुलाला ते विचित्र वाटलं, घर दाखवायचंय आणि भिंत उघडी! पण सुकायच्या आधी गिलावा केला तर तिसऱ्यांदा तेच.

स्वयंपाकघराला हात लावला नाही. कडप्प्याचा ओटा जुना, जमिनीच्या दहा-बारा टाइल्स पोकळ वाजत होत्या, ट्रॉलीचं लोखंड गेलेलं, पण घेणारा पहिली तोडफोड तिथेच करतो. भिंतीतले पाण्याचे जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइपसुद्धा तसेच ठेवले. प्रेशर लावून बघितलं तेव्हा काटा स्थिर राहिला, म्हणजे आज गळत नाहीत, पण आतून गंजून धार बारीक झालीये, ते लिहून द्यायचं ठरलं. संपूर्ण घराचा रंग रद्द.

कागदांत दोन गोष्टी निघाल्या. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून काकूंच्या दिवंगत यजमानांचंच नाव, काकू नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक नाही, बाकी वारसांचं काय ते विचारलं जाणारच, म्हणून मुलाचं आणि मुलीचं हक्कसोडपत्र रजिस्टर करून घेतलं. मुलगी नाशिकला होती म्हणून सोपं गेलं, परदेशात असती तर मुखत्यारपत्राच्या भानगडीत महिने गेले असते. दुसरं, हॉलला जोडून घेतलेली पुढची बाल्कनी मंजूर नकाशात उघडी दाखवलेली. बँकेचा व्हॅल्युअर नकाशा हातात घेऊनच येतो, त्यामुळे जाहिरातीत क्षेत्रफळ लिहिताना ती धरायची नाही, एवढं एजंटला दटावून सांगितलं. ट्रान्सफर प्रीमियमबद्दल, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेबद्दल, कमिटीतल्या एकाने "आपल्याकडे पन्नास हजार घेतात" असं सुचवून बघितलं, पण महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे हे सेक्रेटरींना स्वतःलाच माहीत होतं, विषय तिथेच संपला.

हे सगळं मी रिपोर्टात लिहून दिलं आणि तो गिऱ्हाइकांना दाखवायचं ठरलं. पहिले गिऱ्हाईक तो वाचून गेले. बाल्कनीच्या पानावर थांबले, फोटो बघितले, "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. एजंट दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दुसरं जोडपं आलं, त्यातल्या वहिनींचे वडील पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, खिशातून नाणं काढून भिंती वाजवत फिरले. ते जे जे वाजवत होते ते रिपोर्टात आधीच लिहिलेलं होतं. तासाभराने त्यांनी नाणं खिशात ठेवलं आणि फक्त बाल्कनीवर बोलले, "सोसायटी हे कधी करणार?"

त्याचं उत्तर काकूंकडे नव्हतं, पण सर्वसाधारण सभा तोंडावर होती. वरच्या काकांनी स्वतः ऑडिटचा ठराव मांडला, काकूंनी अनुमोदन दिलं, हे त्या सोसायटीत कोणाला खरं वाटलं नसेल. ठराव झाला. घासाघीस बाल्कनी आणि पाइप एवढ्यापुरतीच झाली, मागितलेल्या किमतीतून काही रक्कम कमी झाली, बाथरूम आणि वायरिंगबद्दल बिलं समोर असल्यामुळे कोणी काढलंच नाही. करारात माझा रिपोर्ट परिशिष्ट म्हणून जोडला, घेणाऱ्यांनी तो वाचल्याची प्रत्येक पानावर सही केली, आणि एक वेगळं कलम घातलं की ऑडिटनंतर निघणाऱ्या दुरुस्तीची वर्गणी ताबा देण्याच्या तारखेआधी मागितली गेली तर ती काकूंची, नंतर मागितली तर घेणाऱ्यांची. ताबा दिवाळीनंतर दिला. वर्गणीची नोटीस अजून निघालेली नाही, ऑडिट करणाऱ्यांनी वरच्या बाल्कनीची लादी उघडायला सांगितलीये आणि काकांनी होकार दिलाय.